सांभाळायला दिलेली कबर

सारीदाश
२ मे

बहलूल,

दर वेळी 'बहलूलभाऊ' लिहिते. आज तेवढं लिहायलाही हात उठत नाही.

मला एकच सांग. गेली बारा वर्षं तू मला कशाचे फोटो पाठवतोयस?

मी ओरडत नाहीये. ओरडून झालं. शेजारच्या कोंबड्यासुद्धा गप्प बसल्या इतकं ओरडून झालं. आता घसा बसलाय, म्हणून लिहितेय.

काल आमच्याकडे अमेरिकन आला होता. तू टीव्हीवर बघतच असशील, तुमच्या देशाचे आणि आमच्या देशाचे एका टेबलाशी बसलेत आणि मध्ये अमेरिका बसलीय. पस्तीस वर्षं एकमेकांची डोकी फोडून झाली, आता पंच आले. पूर्वी रशियन यायचे, ते निदान आपली दारू पिऊन, गाणी म्हणून, काही न करता परत जायचे. हे कामाचे निघाले. यांच्या करारात कबरींचंही एक कलम आहे म्हणे. ज्याची माणसं पलीकडच्या मातीत आहेत त्याने नाव सांगायचं. हे वर आभाळातून बघणार, कबर शाबूत आहे की नाही. आणि सीमा उघडली की पहिली बस कबरींवर जाणाऱ्यांची.

हॉलिस त्याचं नाव. ताडमाड माणूस. बूट दाराबाहेर काढून आत आला, एका मोज्याला भोक होतं, मला मायाच आली. बरोबर येरेवानची दुभाषी बाई, सेदा. मी कॉफी केली, जर्दाळूचा मुरंबा पुढे ठेवला. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या हात्सुत गावाचं चित्र आणलंय, बघणार?" मी म्हटलं, "मला तुमचं आभाळ नको, माझ्याकडे बहलूल आहे." खरंच असं म्हटलं. मान वर करून म्हटलं. कपाटातून तू पाठवलेले सगळे फोटो काढले आणि त्याच्यासमोर मांडले, ओळीने, दर वर्षीचा एक. शोगिकचा दगड, त्यावर तिचं नाव आमच्या अक्षरांत, समोर कांद्याच्या सालीत रंगवलेली लाल अंडी. तू मुसलमान असून दर ईस्टरला अंडी रंगवतोस, हे मी त्याला अगदी रंगवून सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा पडत चालला होता. मला वाटलं, मुरंबा आवडला नसेल.

मग त्याने ती काचेची पाटी माझ्याकडे वळवली.

मी आधी घर ओळखलं. तुझं आताचं, माझं पूर्वीचं. झरा ओळखला, तुतीची रांग ओळखली. म्हटलं, अजून वर चला, चर्चच्या मागे, टेकडीच्या अंगाला. सेदाने बोटाने चित्र सरकवलं. तिथे रस्ता आहे, बहलूल. चार पदरी. चर्च नाही, भिंत नाही, काही नाही. मी म्हटलं, गाव चुकलंय. हॉलिसने जुनं चित्र काढलं, त्यात कबरी होत्या, तांदूळ सांडल्यासारख्या बारीक पांढऱ्या. मग बारा वर्षांपूर्वीचं. त्यात बुलडोझर. वरून त्याचा रंगसुद्धा दिसतो. पिवळा.

माझा बाप तिथे आहे. सासू तिथे आहे. आणि माझी पाच वर्षांची पोर तिथे आहे, जिला गोवराने आठवड्याभरात नेली. आणि त्यांच्यावरून ट्रक जातायत. आणि तू मला लाल अंडी दाखवतोस!

विसरला असशील तर मीच आठवण करून देते. एकोणनव्वद साल. तिथे आमच्या दारांवर खुणा व्हायला लागल्या, इथे तुमच्या खिडक्यांवर दगड. तेव्हा दोन्ही गावांनी ना मॉस्कोला विचारलं, ना कुणा पुढाऱ्याला. तुम्ही आमच्या गावात या, आम्ही तुमच्या गावात जातो, घराला घर, गोठ्याला गोठा. तू आणि तुझी बायको सनूबर माझं घर बघायला आलात तेव्हा मी चुलीपाशी बसून रडत होते. घरासाठी नाही. तू विचारलंस, "बहीण, काय झालं?" मी म्हटलं, "पोरीला कुणाकडे ठेवून जाऊ?" तू लवाशवर हात ठेवलास. "तुझ्या पोरीकडे मी बघेन." मी त्याच भाकरीवर हात ठेवला. "तुझ्या आईकडे मी बघेन."

मी बघितलंय. दर नौरोजच्या आधी कणीक भाजून हलवा करते आणि तुझ्या आईच्या नावाने वाटते. इथल्या बायका टोमणे मारतात, "अरुस्याक, तुझी तुर्क सासू जेवली का?" मारू देत. ज्या वर्षी माझ्या बहिणीचा नातू लढाईत गेला, त्या वर्षीसुद्धा मी हलवा केला. दात-ओठ खात केला, पण केला.

तर ऐक. मी हॉलिसकडे तक्रार दिलीय. तुझं नाव, तुझ्या बापाचं नाव, गाव, सगळं सांगितलं. फोटोही त्याला दिले, त्याच्या यंत्रात घालून बघू दे कुठल्या दुकानात बनवलेत ते. हा कागद तुमच्या माणसांसमोर टेबलावर जाणार आहे. जाऊ दे.

आज तुझ्या आईच्या कबरीवर गेले नाही. यापुढेही जाणार नाही.

अरुस्याक


सारीदाश
१४ मे

बहलूलभाऊ,

मागचं पत्र अजून वाचलं नसेल तर वाचू नका, चुलीत घाला. वाचलं असेल तर मला काय हव्या त्या शिव्या घाला, पण आधी हे वाचा. घाईचं आहे. जाबिरची टोमॅटोची गाडी दुपारी तिसऱ्या देशात, मार्नेउलीला परत जाईल, त्याच्या हाती देतेय. तिथून पुढे त्याचा मेहुणा ट्रक घेऊन तुमच्याकडे येतो, तो देईल.

काल हॉलिस परत आला. या वेळी फाटकापासूनच हसत होता. मोजेही नवे. म्हणतो, "मॅडम, तुमची कबर सापडली!" मी म्हटलं, "कोणती कबर? तुम्हीच तर म्हणालात रस्ता आहे." तो म्हणाला, "रस्ता आहे, पण तुमचा दगड रस्त्याखाली नाही."

भाऊ, मी त्याला ते तीनदा म्हणायला लावलं.

तुम्ही मला पाठवलेले फोटो. आधीच्या फोटोंत दगडामागे चर्चची भिंत असायची, नंतर ती दिसेनाशी झाली. मी तेव्हा विचारलंही होतं. तुम्ही लिहिलं होतंत, हात थरथरतात, जवळून काढावा लागतो. मी मूर्खासारखी तुम्हाला बदामाचं तेल पाठवलं होतं हातांना चोळायला! तर त्यातल्या एका फोटोत कोपऱ्यात डोंगराची कड आलीय आणि पाण्याच्या टाकीचा पाय. त्यावरून यांच्या यंत्राने हिशेब काढला. दगड तुमच्या कबरस्तानात आहे. तुमच्या, मुसलमानांच्या. कडेला, कुंपणापाशी, एका लहान कबरीच्या पाठीशी.

तुम्ही तिला उचलून नेलंत? कसं नेलंत? मला का नाही सांगितलंत हो? बारा वर्षं! मी तुम्हाला तोंडाला येईल ते लिहिलं, आणि तुम्ही तिकडे... मला काही सुचत नाहीये.

पण खरी गोष्ट पुढे आहे. हॉलिस इतका खूश आहे की विचारू नका. म्हणतो, साऱ्या करारात अशी गोष्ट नाही. शत्रूने शत्रूचं मूल जपलं. अठ्ठावीस तारखेला तो ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या समोर टेबलावर मांडणार. मग त्यांचा मोठा साहेब स्वतः हात्सुतला जाणार, कॅमेरे घेऊन, मला शेजारी घेऊन. तुम्ही आणि मी हात मिळवायचे. सगळ्या जगाने बघायचं.

कॅमेरा म्हटल्याबरोबर मी त्याला थांबवलं. मी विचारलं, "त्या गावात कुणाला सांगितलंत का?" म्हणाला, "अजून नाही." मी म्हटलं, "नका सांगू." तो गोंधळला. म्हणाला, "पण मॅडम, ही चांगली बातमी आहे!" माणूस वाईट नाही, भाऊ. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ज्याच्या घरी कधी दारावर खूण झाली नाही, त्याला चांगली बातमी म्हणजे चांगलीच वाटणार.

माझी तक्रार मात्र आधीच गेलीय. तुमच्या नावासकट. मीच दिलीय.

काय करू ते लवकर लिहा.

तुमची बहीण
अरुस्याक


हात्सुत
१९ मे

अरुस्याक बहीण,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. मी आधी पहिलं उघडलं, हे माझं नशीब. सनूबर म्हणते, इतक्या वर्षांत अरुस्याकची रशियन सुधारली नाही, पण शिव्या घालताना एकही चूक होत नाही.

तू विचारतेस, कसं नेलं. ऐक. रस्त्याची आखणी आली तेव्हा आम्ही जुनी माणसं जिल्ह्याला गेलो होतो. म्हटलं, थोडा वळवा. तिथला साहेब म्हणाला, "कुणासाठी वळवू? कोण आहे तिथे?" यावर काय बोलणार? बोललो असतो तर आमचीच नावं टिपली गेली असती. घरी येऊन मी सनूबरला म्हटलं, झालं आपलं इमान. ती म्हणाली, "सगळे नाही येणार, पण ती लहान आहे. तिला एकटीला तिथे ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. गावाने पाण्याचा पाइप टाकायचं सोंग केलं. खरंच सांगतो, तेव्हा तुझ्यामाझ्यासारखी भाकरीवर शपथ घेतलेल्यांतले जेवढे जिवंत होते तेवढे सगळे कुदळी घेऊन आले. रस्त्याच्या मुकादमाने विचारलं, "काय चाललंय?" आमचा तापदिग म्हणाला, "नळ फुटलाय." त्या डोंगरावर नळ कुठून आला, हे त्याने विचारलं नाही. मी आत उतरलो. सनूबरने आपल्या लग्नातली रेशमी चादर आणली होती. फार थोडं होतं, बहीण. एका माणसाला उचलता येईल एवढंच. दगड मात्र तिघांनी आणला.

तुझ्या वडिलांना नाही आणू शकलो. सासूबाईंनाही नाही. त्यांच्यासाठी मला माफ कर किंवा करू नकोस, मी ते मागणार नाही.

आमच्या कबरस्तानात मी माझ्यासाठी जागा घेऊन ठेवली होती, त्या जागेच्या शेजारी पोरीला ठेवली. पुढे नवा दगड, आमच्या अक्षरांत: शफाग, बहलूलची मुलगी. तुझा दगड त्याच्या पाठीला, वर फळ्या आणि वेल. ईस्टरला मी वेल बाजूला करतो, फळ्या काढतो, अंडी ठेवतो, फोटो काढतो आणि परत लावतो. गावातल्या जुन्यांना सगळं माहीत आहे. नव्याने कुणी विचारलं तर ती बहलूलची मुलगी, लहानपणी गेली. सनूबर तर आता खरंच तसं बोलते. परवा सुनेला सांगत होती, आमची शफाग असती तर आज चष्मा लागला असता.

तुला का नाही सांगितलं? काय सांगू? तुझा बाप डांबराखाली आहे? आणि खरं सांगू का, मला भीतीही वाटली. माझी आई तुझ्या हातात आहे आणि तुझा राग मला माहीत आहे. आता पहिलं पत्र वाचून वाटतं, फार चुकीची भीती नव्हती.

आता कामाचं. काल जिल्ह्याहून दोघे आले होते. तुझी तक्रार त्यांच्या हातात. "ही अरुस्याक कोण?" मी म्हटलं, "म्हातारी आहे. घर बदललं त्याचा राग अजून डोक्यात आहे, काहीबाही लिहीत असते." ते म्हणाले, "अमेरिकनांना तिने कसले फोटो दिले?" मी म्हटलं, ठाऊक नाही. ते माझ्या मुलाच्या, नामिगच्या शाळेतही गेले. त्याच्या साहेबाला विचारलं, हा मास्तर कसा आहे.

त्यांनी अजून कबरस्तान बघितलेलं नाही. तुझ्या हॉलिसने अठ्ठावीसला टेबलावर मांडलं तर एकोणतीसला बघतील. त्याला वाटतं, कॅमेरे पहिले येतील. नाही येणार. पाहुणे येण्याआधी घर झाडतात ना, तसं आधी कुणीतरी झाडायला येईल. दोन माणसं, एक हातोडा, पंधरा मिनिटांचं काम. दगड गेला तर जाऊ दे, पण ते खालीही खणतील, काही राहू नये म्हणून. मग मोठा साहेब येईल आणि त्याला दाखवायला काही नसेल.

बहीण, त्याला सांग, इथे तुझं काही नाही. कसं सांगायचं ते तुझं तू बघ. मला ते लिहिणं सोपं आहे आणि तुला ते म्हणणं काय आहे, हे मला कळतं.

सनूबर विचारते, तिच्या सासूकडे जाणं खरंच बंद केलंस का.

बहलूल


सारीदाश
२६ मे

बहलूलभाऊ,

झालं. आता तुम्हाला कुणी विचारणार नाही.

आधी सनूबरला सांगा, सासूकडे गेले होते. तुमचं पत्र वाचलं आणि चपला उलट्या-सुलट्या घालून धावले. गवत वाढलं होतं, तेवढ्यात वाढलं होतं. तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही, माझ्या खऱ्या सासूपेक्षा हजारपट बरी.

काल हॉलिसला बोलावून घेतलं. सेदा होती, आणि साक्षीदार पाहिजे म्हणून आमचा सरपंच राफिक होता. मी म्हटलं, "लिहून घ्या. तक्रार खोटी आहे. फोटोही खोटे आहेत. मार्नेउलीतल्या एका फोटोवाल्याकडून मी बनवून घेतले. त्या माणसाच्या मुलीच्या कबरीचा फोटो कुठून तरी मिळवला आणि त्यावर आमची अक्षरं चिकटवायला लावली." हॉलिसने लिहिणं थांबवलं. म्हणाला, "पण का?" मी म्हटलं, "करार झाला की नुकसानभरपाई मिळते असं ऐकलं होतं."

राफिक उभाच राहिला. "अरुस्याक, लाज वाटत नाही? मेलेल्यांच्या नावावर? अख्ख्या गावाचं नाक कापलंस!" मी म्हटलं, "वाटते लाज, बस खाली." भाऊ, या राफिकच्या आईला मी मरेपर्यंत भरवलंय. काल तो माझ्या घरचं पाणीसुद्धा न पिता गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. आज दुधवालीने दूध फाटकावर ठेवलं आणि हाकही मारली नाही.

ते सगळं सोसेन. पण हॉलिस सुटत नव्हता. चांगल्या माणसाचा हाच त्रास असतो. म्हणाला, "मॅडम, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" मी म्हटलं, "आहे, तुमचा." सेदाने माझ्याकडे बघितलं आणि त्याला काहीतरी दुसरंच सांगितलं. मला तेवढी इंग्रजी कळत नाही, पण माझं वाक्य छोटं होतं आणि तिचं लांबलचक झालं.

मग त्याने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "म्हणजे हात्सुतमध्ये तुमची मुलगी पुरलेली नाही?"

"नाही."

"मग कुठे आहे?"

मी हे ठरवलं नव्हतं, भाऊ. मी ठरवलं होतं की सांगायचं, इथेच आहे, सारीदाशमध्ये. पण तसं म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, दाखवा. हा माणूस बघितल्याशिवाय काही सोडत नाही. आमच्या जन्माच्या नोंदी तिकडेच राहिल्यात, त्या जळल्या की आहेत देव जाणे. नवरा गेला. दुसरं मूल झालं नाही. तिला पाहिलेली आमची जुनी माणसं मेली नाहीतर शहरात गेली, राफिक तर नंतरचा. ती होती हे सांगणारं इथे माझ्याशिवाय कोण आहे? तोंडून निघून गेलं, "मला मुलगी नव्हती."

सेदाने ते लगेच सांगितलं नाही. मला आमच्या भाषेत विचारलं, "काकू, नीट विचार करून सांगा. हे लिहिलं की खोडता येणार नाही. बसच्या यादीत तुमचं नाव कधीच येणार नाही, ना पहिल्या, ना शेवटच्या." मी परत म्हटलं, "नव्हती." तिने सांगितलं, त्याने लिहिलं, मी सही केली. सही माझी नेहमीसारखीच आली, याचंच मला नवल वाटलं.

ते गेल्यावर मी तिच्या नावाने हाका मारल्या. घराची सगळी दारं लावून. शोगिक, शोगिक, शोगिक. मला भीती वाटली की खोटं बोलल्याबरोबर नाव विसरेन. नाही विसरले.

आता ती पूर्ण तुमची झाली. कागदावरसुद्धा. माझ्याकडे तिचं काही उरलं नाही, आणि म्हणून तिला आता कुणी हात लावणार नाही. या गोष्टीत इतका उरफाटा न्याय आहे की मला रडूही धड येत नाही. इतक्या मोठ्या देशाने, इतक्या चांगल्या मनाने, आभाळातून माझी मुलगी शोधून काढली, आणि मला तिला नाही म्हणावं लागलं.

एक शेवटचं. यांच्या नियमात आहे, खोटा आरोप ज्याच्यावर केला त्याची लेखी माफी मागायची. पत्र समितीतून जाईल. हॉलिस वाचेल, आमचे वाचतील, तुमचे जिल्ह्याचे दोघे तर नक्कीच वाचतील. तुम्हाला ते बोलावून घेतील आणि त्यांच्यासमोर वाचायला लावतील. तेव्हा तोंड सांभाळा. सनूबरला बरोबर नेऊ नका, तिला आवरणार नाही.

फोटो यापुढे पाठवू नका. कधीच नाही. हे पत्रही जाळा.

तुमची
अरुस्याक


सारीदाश
२ जून

आदरणीय बहलूल महाशय यांस,

मी सारीदाश गावची रहिवासी अरुस्याक. आपली ओळख एवढीच की माझ्या जुन्या घरात आपण राहता. हे पत्र मी समितीच्या सूचनेवरून लिहीत आहे.

मी आपल्यावर केलेला आरोप खोटा होता. आपण मला कधीही कोणतेही फोटो पाठवलेले नाहीत. आपल्या दिवंगत मुलीच्या कबरीच्या छायाचित्राचा मी स्वार्थासाठी गैरवापर केला. त्यामुळे आपल्याला आणि आपल्या शिक्षक चिरंजीवांना जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी आपली माफी मागते. आपल्या गावात माझ्या कुटुंबातील कोणाचीही कबर नाही आणि माझी त्या जागेबाबत कोणतीही मागणी नाही.

आपल्या मुलीचं नाव शफाग होतं, असं मला समितीकडून कळलं. ती किती वर्षांची होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दगड लहान आहे, त्यावरून तीही लहान असावी. अशा वयात मूल गेलं की आईबापांचं काय होत असेल, याची मी केवळ कल्पना करू शकते. आपण आणि आपल्या पत्नी तिच्या कबरीची इतक्या वर्षांनंतरही देखभाल करता, असं ऐकलं. हे सगळ्यांना जमत नाही. आपल्या पत्नींना माझा नमस्कार सांगावा आणि त्यांच्या मुलीबद्दल मला फार वाईट वाटलं, एवढा निरोप द्यावा.

याहून जास्त लिहिण्याचा मला अधिकार नाही. मला स्वतःला मुलगी नाही, त्यामुळे आपलं दुःख मला समजतं असं मी म्हणणार नाही.

आपली क्षमाप्रार्थी
अरुस्याक